कोणत्या स्वरूपात मांडावे? ऑनलाइन व्यवसाय आरंभणाऱ्यांसाठी काही सूचना

घरबसल्या आपल्या विद्येच्या किंवा कलेच्या जोरावर चार पैसे मिळवावेत, या हेतूने जी मंडळी अलीकडे इंटरनेटकडे वळत आहेत, त्यांपैकी बहुतेकांचा विषय आधीच ठरलेला असतो. कोणास पाककृती सांगावयाच्या असतात, कोणास स्पर्धा परीक्षेचे व्याकरण शिकवावयाचे असते, कोणापाशी द्राक्षबागेचा वीस-पंचवीस वर्षांचा अनुभव साठलेला असतो, तर कोणा निवृत्त ग्रंथपालाचा जुन्या मुंबईच्या हकिगती रंगवून सांगण्यात हातखंडा असतो. घोडे अडते ते पुढे. हा माल व्हिडिओतून द्यावा, रीलमधून द्यावा, पॉडकास्ट काढावा, दर आठवड्यास न्यूजलेटर पाठवावे, की सरळ शुल्क घेऊन ऑनलाइन वर्ग चालवावा? या प्रश्नाचे उत्तर बहुधा शेजाऱ्याकडे पाहून दिले जाते. अमक्याच्या रीलला लाखो व्ह्यूज मिळाले, तेव्हा आपणही रीलच करावी, एवढ्यावर निर्णय होतो, रिंग लाइट आणि ट्रायपॉड घरी येतात, आणि दोन-चार महिन्यांनी ती सारी सामग्री माळ्यावर जाऊन पडते.

स्वरूपाची निवड हा मुख्यतः व्यवहाराचा प्रश्न आहे. एकदा स्वरूप ठरले की रोजचे श्रम किती, भांडवल किती, ग्राहक कोण, आणि पहिला रुपया केव्हा व कोणाच्या हातून येणार, या साऱ्या गोष्टी त्याबरोबरच जवळजवळ ठरून जातात. म्हणून हा निर्णय ज्यांच्या आधारे करावा अशा पाच कसोट्या पुढे दिल्या आहेत, आणि त्या ज्या क्रमाने लावाव्यात त्याच क्रमाने त्यांची मांडणी केली आहे.

मोबदला कोण देणार?

ही कसोटी पहिली ठेवण्याचे कारण असे की, बहुतेक लोक ती सर्वांत शेवटी लावतात. या व्यवसायात पैसा येण्याच्या वाटा मुख्यतः चार: जाहिरातींच्या उत्पन्नातील हिस्सा; एखाद्या कंपनीने प्रायोजक या नात्याने दिलेली रक्कम; ग्राहकाने वर्गासाठी, पुस्तकासाठी किंवा वर्गणी म्हणून थेट दिलेले शुल्क; आणि आपल्या नावावरील विश्वासाच्या आधारे विकली जाणारी एखादी वस्तू किंवा दिला जाणारा सल्ला.

जाहिरातीच्या वाटेला संख्येचे बळ लागते. यूट्यूबवर जाहिरातींतील हिस्सा मिळण्यासाठी चॅनेलला १,००० सबस्क्रायबर असावे लागतात, आणि शिवाय मागील १२ महिन्यांत त्याचे व्हिडिओ एकूण ४,००० तास पाहिले गेलेले असावे लागतात, किंवा शॉर्ट्सना ९० दिवसांत १ कोटी व्ह्यूज मिळालेले असावे लागतात. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटे. एका प्रेक्षकाने एका खेपेस सरासरी ४ मिनिटे पाहिले असे धरले, तर व्हिडिओ ६०,००० वेळा पाहिले गेले पाहिजेत, आणि एवढे झाल्यावर हाती येते ती केवळ पात्रता. तिच्यानंतर दीर्घ व्हिडिओवरील जाहिरातींच्या उत्पन्नापैकी ५५ टक्के निर्मात्याकडे येतात, आणि शॉर्ट्सच्या बाबतीत निर्मात्यांच्या खात्यावर राखून ठेवलेल्या रकमेतील त्याच्या वाट्याचे ४५ टक्के. या अटींत कंपनी वेळोवेळी फेरफार करीत असते, म्हणून आरंभ करण्यापूर्वी त्या त्या दिवशीचा नियम पाहून घ्यावा.

याउलट, संस्कृत व्याकरणाचा वर्ग ३० विद्यार्थ्यांसाठी दरडोई १,५०० रुपये शुल्काने चालविला, तर ४५,००० रुपये जमतात, आणि त्यासाठी ३० माणसे पुरतात. मोडी लिपीचे वाचन, सहकारी गृहनिर्माण संस्थेचे हिशेब, मानीव अभिहस्तांतरणाची (डीम्ड कन्व्हेयन्सची) कागदपत्रे, हे विषय असे आहेत की लक्षावधी लोक ते कधी पाहणार नाहीत, परंतु ज्यांना त्यांची गरज आहे त्यांना ती निकडीची आहे आणि त्यासाठी पदरचा पैसा मोजण्याची त्यांची तयारी आहे. मराठीचे क्षेत्र लहान, अशी कुरकूर या संदर्भात पुष्कळदा ऐकू येते. परंतु २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे लोक ८ कोटी ३० लाखांच्या घरात होते, आणि दहा हजारांत एक या अत्यल्प प्रमाणाने पाहिले तरी तो आकडा आठ हजारांच्या पुढे जातो. थोड्यांच्या निकडीचा विषय ज्याच्यापाशी आहे, त्याने जाहिरातीच्या मागे लागू नये. त्याचे स्वरूप म्हणजे शुल्क घेऊन चालविलेला वर्ग, मोल देऊन घ्यावयाची पुस्तिका किंवा वर्गणीचे न्यूजलेटर, आणि व्हिडिओ व रील यांना त्याच्या व्यवसायात स्थान असलेच तर ते दवंडीचे.

स्वयंपाक, विनोद, प्रवास असे सर्वांच्या जिव्हाळ्याचे विषय मात्र जाहिरातीच्या वाटेने सुखाने जाऊ शकतात, आणि तेथूनही पुढची वाट काढता येते. ‘मधुराज रेसिपी’च्या मधुरा बाचल यांनी व्हिडिओतून घरोघरीचा विश्वास आधी संपादन केला आणि पुढे त्याच नावाने मसाले विकावयास आणले, हे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे, कारण पदार्थ करताना डोळ्यांनी पाहिलेल्या हातावर गृहिणी जेवढा भरवसा ठेवते, तेवढा ती छापील जाहिरातीवर ठेवीत नाही.

विषयाची प्रकृती

दुसरी कसोटी विषयाच्या प्रकृतीची. जे कौशल्य हातात असते ते डोळ्यांना दिसले पाहिजे: नऊवारी नेसणे, पुरणपोळी लाटणे, हार्मोनियमवर बोटे फिरविणे, यांचे वर्णन कितीही नेमके केले तरी शिकणाऱ्याचे समाधान होत नाही. जेथे युक्तिवाद आहे, आकडे आहेत, कायद्याची कलमे आहेत, म्हणजेच जे पुन्हा पुन्हा उलटून पाहावे लागते, तेथे लेखनासारखे दुसरे साधन नाही. व्हिडिओतील अठराव्या मिनिटाला सांगितलेला नियम शोधून काढताना माणूस जेरीस येतो, तोच नियम लिखित मजकुरात क्षणात सापडतो. आणि जेथे सांगणाऱ्याचा सूर, त्याचे थांबणे, त्याचा मिस्किलपणा हेच निम्मे आकर्षण आहे, अशा कथा, आठवणी आणि गप्पा यांना ध्वनी पुरेसा असतो, किंबहुना पुष्कळदा चित्राची त्यात अडचणच होते.

परंतु एकच विषय निरनिराळ्या अंगांनी निरनिराळ्या स्वरूपांची मागणी करतो, हे येथे विसरू नये. नाशिक जिल्ह्यातील द्राक्षबागाईतदाराचेच उदाहरण घ्या. एप्रिलमधील खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी कशी करावी, कोणत्या डोळ्यावर कात्री लावावी, हे व्हिडिओशिवाय समजावणे कठीण. फवारणीचे वेळापत्रक, औषधाचे प्रमाण आणि काढणीपूर्वी किती दिवस फवारणी थांबवावी याचा तक्ता लिखितच हवा, कारण तेथे ऐकण्यातील एका चुकीने नुकसान होते. आणि अवकाळी पावसाचे ढग दाटून आल्यावर डाऊनी या बुरशीजन्य रोगाचा धोका ओळखून आज संध्याकाळी काय करावे, एवढेच सांगावयाचे असेल, तर व्हॉट्सॲपवरील दीड मिनिटाचा आवाजी संदेश हा अर्ध्या तासाच्या सुंदर व्हिडिओहून मोलाचा. तो बागेत उभ्या उभ्या ऐकता येतो. या तिहींपैकी शेतकरी पैसे कशासाठी देईल? बहुधा तिसऱ्यासाठी, कारण छाटणीचे व्हिडिओ फुकट पुष्कळ आहेत, तक्ते कृषी विद्यापीठे आणि औषध कंपन्या देतात, पण त्याच्या शिवारातील त्या संध्याकाळचा सल्ला दुसरीकडे मिळत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या कसोटीची अशी रुजवात घातली म्हणजे मुख्य स्वरूप कोणते आणि पूरक कोणते, हे आपोआप उलगडते.

पाककृतींच्या बाबतीतही हाच न्याय. लक्ष्मीबाई धुरंधर यांनी १९१० मध्ये ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ प्रसिद्ध केले आणि १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली; अशी पुस्तके पिढ्यान् पिढ्या ओट्याजवळ राहिली ती मुख्यतः प्रमाण आणि क्रम यांसाठी. आजच्या व्हिडिओलाही ही गरज चुकलेली नाही. कृती डोळ्यांनी पाहावी, पण साहित्य आणि माप व्हिडिओखालील मजकुरात सुबकपणे लिहिलेले असावे. ज्या चॅनेलवर ते नसते त्याकडे गृहिणी पुन्हा वळेलच अशी खात्री नाही.

ग्राहकाची वेळ

तिसरी कसोटी ग्राहकाच्या दिनक्रमाची. तुमचा मजकूर त्याने केव्हा आणि कोणत्या अवस्थेत घ्यावा अशी तुमची अपेक्षा आहे, हे स्पष्ट चित्र मनाशी असल्याखेरीज स्वरूप ठरवू नये. कल्याणहून लोकलने उभ्याने येणाऱ्या माणसाचा एक हात कडीला असतो. कानात आवाज पडत राहील तर तो तासभर ऐकेल, पण त्याला वाचावयास लावणे ही तसदी होय. पुण्याच्या सदाशिव पेठेतील अभ्यासिकेत बसलेला एमपीएससीचा विद्यार्थी शांततेच्या जागी बसलेला आहे. त्यास मोठ्याने बोलणारी रील नको, छापून घेता येईल अशी टिपणे आणि प्रश्नसंच हवे आहेत.

परदेशस्थ मराठी कुटुंबांना मुलांसाठी मराठी शिकविणारे वर्ग हवे असतात, आणि उत्तर अमेरिकेत महाराष्ट्र मंडळांच्या आश्रयाने मराठी शाळाही चालतात. तेथील एखाद्या कुटुंबासाठी स्वतंत्र वर्ग काढावयाचा, तर न्यू जर्सीतील शनिवारची सकाळी ९ ची वेळ उन्हाळ्यात भारतातील संध्याकाळी ६.३० ची आणि हिवाळ्यात, तेथील घड्याळे मागे गेल्यावर, ७.३० ची होते, एवढा हिशेब आधी मांडावा. येथील शिक्षिकेस ती वेळ गैरसोयीची नाही; पण कॅलिफोर्नियातील मुलांनाही त्याच वर्गात बसवू म्हटले, तर त्यांच्याकडे त्या वेळी पहाटेचे सहा वाजलेले असतात. वर्ग प्रत्यक्ष वेळेवर घ्यावयाचा की ध्वनिचित्रमुद्रित धडे देऊन आठवड्यातून एकदाच प्रत्यक्ष भेटावयाचे, हा स्वरूपाचा प्रश्न येथे घड्याळच निकालात काढते.

आपली कुवत आणि सातत्य

चौथी कसोटी स्वतःची, आणि तीच सर्वांत कठोर. नोकरी-संसार सांभाळून आठवड्यास निर्विघ्नपणे किती तास हाती राहतात, हे प्रामाणिकपणे लिहून काढावे, आणि मग प्रत्येक स्वरूपाचा एकेक नमुना पहिल्या शब्दापासून प्रसिद्धीपर्यंत करून पाहून घड्याळ लावावे. दहा मिनिटांच्या व्हिडिओस मसुदा, चित्रीकरण, एडिटिंग, थंबनेल आणि वर्णन एवढे टप्पे असतात, आणि नवशिक्याचा पुष्कळसा वेळ एडिटिंगमध्ये जातो. ध्वनीला यातील निम्मे टप्पे पुरतात. सावकाश, स्पष्ट मराठी वाचन मिनिटाला साधारण शंभर-सव्वाशे शब्दांचे होते, तेव्हा वीस मिनिटांच्या पॉडकास्टला दोन-अडीच हजार शब्दांचा मजकूर लागतो, आणि तो दर आठवड्यास कोठून येणार याची बेगमी आधी करावी. लेखनाला साधने सर्वांत कमी लागतात, पण त्याला लिहिण्याची सवय लागते, आणि ती विकत मिळत नाही.

साधनांविषयी एकच सांगावे: प्रथम माइक घ्यावा, कॅमेऱ्याचा विचार मागाहून करावा. मोबाइलने टिपलेले चित्र बेताचे असले तरी प्रेक्षक ते चालवून घेतो. शेजारच्या मिक्सरची घरघर आणि भिंतीवरून परतून येणारा आवाज तो चालवून घेत नाही. ज्यास चेहरा दाखविण्याचा संकोच वाटतो त्याने हट्टाने कॅमेऱ्यापुढे उभे राहू नये. केवळ हात दाखवून पाककृती, केवळ फळा दाखवून गणित आणि केवळ आवाजातून इतिहास उत्तम रीतीने सांगता येतो.

सातत्याचा प्रश्न काही इंटरनेटने निर्माण केलेला नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७४ मध्ये ‘निबंधमाला’ सुरू केली ती सरकारी शाळेतील नोकरी सांभाळून. त्यांनी दैनिक काढले नाही, छापखाना उभारून आरंभ केला नाही, एकट्या माणसास पेलेल असे मासिकाचे स्वरूप निवडले आणि बहुतांशी एकहाती मजकूर लिहून सात वर्षांत तिचे ८४ अंक काढले. नोकरीचा राजीनामा, १८८० मधील न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मधील ‘केसरी’ आणि ‘मराठा’ हा सारा विस्तार त्या भक्कम पायावर मागाहून झाला. महिन्यातून एकदा, पण ठरल्या तारखेस, हे वेळापत्रक निभावणारा माणूस रोज एक रील टाकण्याची प्रतिज्ञा करून पंधरवड्यात थकणाऱ्यापेक्षा फार पुढे जातो. म्हणून जे स्वरूप तापात, लग्नसराईत आणि दिवाळीच्या धांदलीतही चालू ठेवता येईल तेच आपले, असे समजावे.

मालकी कोणाची?

पाचवी कसोटी मालकीची. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली, आणि त्यांत टिकटॉक होते. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील कितीतरी होतकरू कलावंतांचे लाखो चाहते त्या ॲपबरोबरच दृष्टीआड झाले, कारण त्या चाहत्यांपैकी एकाचाही पत्ता किंवा दूरध्वनी क्रमांक त्यांच्या वहीत नव्हता. पुढे जुलैमध्ये इन्स्टाग्रामच्या रील आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबचे शॉर्ट्स भारतात आले, आणि ज्यांचे सामर्थ्य होते त्यांनी नव्या जागी संसार मांडला. पण तो शून्यापासून मांडावा लागला.

यातून घ्यावयाचा धडा असा की, मुख्य स्वरूप कोणतेही असो, त्याच्या जोडीस ग्राहकांची स्वतःच्या ताब्यातील एक नोंदवही पहिल्या दिवसापासून असावी. न्यूजलेटर या दृष्टीने सर्वांत भरवशाचे, कारण ईमेलच्या पत्त्यांची यादी आपल्यापाशी राहते आणि सेवा बदलली तरी ती बरोबर नेता येते. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी सोपी खरी, पण तिच्यात २५६ जणांचीच सोय असते आणि ज्याने आपला क्रमांक साठवून ठेवला आहे त्यालाच तो संदेश पोचतो. आरंभीच्या शे-दीडशे ग्राहकांसाठी ती पुरेशी आहे, पुढे दुसरी तजवीज करावी लागते.

मालकीचा दुसरा पदर कॉपीराइटचा, आणि श्राव्य स्वरूप निवडणाऱ्यांनी तो विशेष लक्षात ठेवावा. भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षे त्याच्या साहित्यावर हक्क राहतो. साने गुरुजी १९५० मध्ये वारले, तेव्हा त्यांचे साहित्य २०११ पासून वाचून प्रसिद्ध करण्यास मोकळे आहे, वि. स. खांडेकरांचे २०३६ अखेरपर्यंत आणि पु. ल. देशपांडे यांचे २०६० अखेरपर्यंत परवानगीवाचून वाचता येणार नाही. केवळ नाव घेऊन श्रेय दिले की परवानगी मिळाली, हा समज निराधार आहे.

थोडे कायद्याविषयी

हिशेब वेगळ्या बँक खात्यात पहिल्या दिवसापासून ठेवावा. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांपुढे गेली की जीएसटीची नोंदणी करावी लागते. प्रायोजकाने दिलेली वस्तू ठेवून घेतली आणि तिचे वर्षभरातील एकूण मूल्य २०,००० रुपयांपेक्षा अधिक झाले, तर जुलै २०२२ पासून त्यावर १० टक्के करकपात होते, म्हणून ‘फुकट’ मिळालेला फोन सर्वस्वी फुकट नसतो. मोबदला घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे, हे ठळकपणे सांगणे बंधनकारक आहे, आणि फसव्या जाहिरातीस ग्राहक संरक्षण कायद्याखाली १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. शेअरखरेदीचा सल्ला शुल्क घेऊन देणाऱ्यास सेबीची नोंदणी लागते. ती नसेल तर त्या विषयाचे कोणतेच स्वरूप निवडू नये.

निर्णय कसा करावा

आता पद्धत. पाच कसोट्यांतून जी दोन स्वरूपे शिल्लक राहतील, त्यांचे प्रत्येकी तीन नमुने तयार करावे आणि ते ओळखीच्या पण भीड न धरणाऱ्या दहा-पंधरा माणसांना, शक्यतो भावी ग्राहकांनाच, दाखवावे. ‘आवडले का’ असे विचारू नये. त्यास ‘हो’ याशिवाय उत्तर येत नाही. शेवटपर्यंत पाहिले का, मध्येच कोठे सोडले, दुसऱ्या कोणास पाठविले का, आणि पुढील भागासाठी पैसे द्याल का, असे विचारावे, आणि जो ‘देईन’ म्हणेल त्याच्याकडून थोडी का होईना, रक्कम खरोखरच आगाऊ घ्यावी. यूपीआयमुळे हे आता क्षणाचे काम आहे, आणि मनापासून केलेली स्तुती कोणती व भिडेपोटी केलेली कोणती, याचा निवाडा त्या एका व्यवहारात होतो.

मग एकच स्वरूप निवडून त्यास सहा महिन्यांची मुदत द्यावी. या मुदतीत दुसऱ्या स्वरूपाचा मोह टाळावा; परंतु मुदत संपल्यावर फेरविचार करण्यास संकोच करू नये. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी इंग्रजी-मराठी पाक्षिक म्हणून निघाले, चार महिन्यांत ते साप्ताहिक झाले, आणि १८४० मध्ये ते बंद होण्याच्या सुमारास त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे ज्ञानपर मासिक हाती घेतले. विषयाची निष्ठा कायम ठेवून स्वरूपात फेरफार करता येतो, याचा हा मराठीतील पहिलाच दाखला म्हणावयास हरकत नाही. विस्तारही असाच, मूळ स्वरूपातून करावा: लेख वाचून दाखविला की श्राव्य भाग होतो, त्यातील एक मुद्दा निवडला की रील होते, बारा लेखांची पुस्तिका होते आणि पुस्तिकेवरून वर्ग चालतो. उलट दिशेने, म्हणजे तीस सेकंदांच्या रीलमधून वर्ग उभा करावयास गेले, तर हाती सामग्रीच पुरत नाही.

शेवटी, खरेदीस बाहेर पडण्यापूर्वी एका कागदावर पाच ओळी लिहाव्या: पैसे कोण देणार आणि किती, विषय पाहावयाचा, वाचावयाचा की ऐकावयाचा, ग्राहक तो कोठे आणि केव्हा घेणार, आठवड्यास मी किती तास देणार, आणि उद्या हे ॲप बंद पडले तर माझ्यापाशी काय उरणार. ज्याच्या या ओळी आकड्यांसह लिहून झाल्या असतील त्याने निश्चिंतपणे कामास लागावे. आणि ज्याच्या लिहून होत नाहीत त्याने त्या लिहून होईपर्यंत कॅमेरा विकत घेऊ नये.